पावसात घातलेलं पाणी

वॉशिंग्टन राज्यात, फेब्रुवारी महिन्यात, सलग अकरा दिवस पाऊस चालू असताना, मी डग्लस फर या उंच सूचिपर्णी झाडाच्या दोनशे रोपांना आळी केली. चांगली वीतभर खोल, गोल, कडेने मातीचा बांध घातलेली; आपल्याकडे परसातल्या लिंबाला करतात तशी. इथवर कदाचित कोणी समजून घेईल. पण मी तिथे थांबलो नाही. रोप लावलं की पहिलं पाणी आपल्या हाताने घालायचं, हे माझ्या हातांना पाठ आहे. म्हणून रेनकोट घालून, टोपीच्या कडेवरून नाकावर धार पडत असताना, मी ओढ्यातून बादल्या भरभरून आणल्या आणि दोनशेच्या दोनशे रोपांना पाणी घातलं. आळ्यांत आधीच पाणी होतं. मी त्यात भर घातली.

रस्त्यावरून एक पिकअप ट्रक गेला. पुढे जाऊन थांबला, मागे आला. चालवणाऱ्याने काच खाली करून जरा वेळ माझ्याकडे पाहिलं आणि तो निघून गेला. मला वाटलं, कौतुकाने.

जानेवारी संपत आला की दर वर्षी रोपविक्रीचा ईमेल येतो. या आठवड्यात पुन्हा आला. वर तेच चित्र, हिरव्या रोपांच्या जुड्या. इथे जंगलाची रोपं कुंडीत किंवा पिशवीत मिळत नाहीत. मातीशिवाय, उघड्या मुळांची, पन्नास-पन्नासांची जुडी करून देतात, आणि लावेपर्यंत थंडाव्यात ठेवा म्हणतात. त्या पहिल्या वर्षी आमच्या फ्रिजमध्ये खालच्या कप्प्यात मेथी आणि तिच्या शेजारी जंगल, असं आठवडाभर नांदत होतं. अर्चनाने, म्हणजे माझ्या बायकोने, एकदा दार उघडून विचारलं होतं, यातलं निवडायचं कुठलं?

ईमेल उघडला, आणि खिडकीबाहेर बेलव्ह्यूचा तो राखाडी, बारीक, कधी सुरू झाला आणि कधी संपेल ते न सांगणारा पाऊस दिसला. ओल्या हातमोज्यांचा वास आला. रबरी बूट चिखलातून निघताना होणारा, लग्नाच्या पंगतीत कोणी मठ्ठा भुरकावा तसा आवाज ऐकू आला. थर्मासच्या झाकणातला, वेलदोडा जरा जास्त झालेला चहा आठवला, ज्यात पिण्याआधीच पावसाचे चार थेंब पडलेले असायचे. त्या फेब्रुवारीत मी पन्नास वर्षांचा होतो, आणि मला नोकरी नव्हती.

नोकरी पंधरा मिनिटांच्या व्हिडिओ कॉलमध्ये गेली होती. तुमच्या कामाबद्दल काही तक्रार नाही, असं मला तीन वेळा सांगण्यात आलं. तक्रार असती तर निदान भांडता आलं असतं. कॉल संपल्यावर मी शर्ट बदलला, कारण वरती इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा अशा अवस्थेत माझी अठरा वर्षं संपली होती. मग गॅरेजमध्ये जाऊन फावडं शोधलं.

जमीन आमची आधीपासूनची. बेलव्ह्यूहून पूर्वेला तासाभरावर, डोंगराच्या पायथ्याशी, पाच एकर. आधीच्या मालकाने झाडं तोडून विकली होती आणि आम्हाला बुंधे विकले होते. वरचा उतार त्याने निदान परत लावला होता, तिथे कमरेएवढी झाडं होती. खालचा एक एकर मात्र बोडका. तिथे फक्त मांडीएवढ्या उंचीचे जुने, कुजके बुंधे, आणि वसंतात उगवणारी पिवळी, मोठ्या पानांची, वासाने नको करणारी झुडपं. आमच्या मित्रमंडळींत या जमिनीचं नाव 'अर्चनाची सवत' असं पडलेलं आहे. कोणाच्या घरी जेवायला गेलं की विचारतात, काय वहिनी, सवत काय म्हणते? अर्चना म्हणते, खर्चिक आहे, पण दर रविवारी त्याला घराबाहेर ठेवते.

तर त्या एका एकरावर मला जंगल हवं होतं. का, ते मला नीट सांगता आलं नसतं. मला एवढंच माहीत होतं, की मी सकाळी काही उभं करावं आणि ते दुसऱ्या दिवशीही उभं असावं.

आळ्यांचा सल्ला अण्णांचा. अण्णा म्हणजे माझे वडील, काटोलजवळ राहतात, आयुष्यभर संत्र्याची बाग केली. मी फोनचा कॅमेरा फिरवून त्यांना जमीन दाखवली. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "आळं केल्याबिगर झाड लावत असतात का बे? काय करून राहिला तू?" मी म्हणालो, अण्णा, इथे पाऊस आहे. ते म्हणाले, पाऊस आज आहे, उद्या आहे का? पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाचा हा प्रश्न मला त्या आठवड्यात फार खोल वाटला. मी आळी केली.

खोदलेला जादा चिखल ढकलगाडीने नेऊन एका कडेला टाकला, त्याचे तीन ओबडधोबड ढीग झाले. शेवटी पाहतो तर रोपं उरलेली. भाजीवाली वर दोन मिरच्या टाकते तशी रोपवाल्यांनी जुड्यांमध्ये मिळून अकरा रोपं जास्त टाकली होती. माझी कंबर तोवर माझी राहिली नव्हती. ती अकरा मी त्या चिखलाच्या ढिगांत नुसती खुपसली. ना आळं, ना पाणी. मनात म्हटलं, तुमचं तुम्ही बघा.

इथला पाऊस मे संपेपर्यंत रेंगाळतो आणि जुलैत असा गायब होतो, की हेच ते राज्य का असं वाटावं. ऑगस्टमध्ये माझी दोनशे रोपं भाजलेल्या जिऱ्याच्या रंगाची झाली. हात लावला की सुया गळायच्या. मी ओढ्याचं पाणी घालत राहिलो. तोवर मला दुसरी नोकरी लागली होती, त्यामुळे शनिवार-रविवार घालायचो. मेलेल्याला पाणी घालायची पद्धत आपल्याकडे आहे, पण ती वेगळी.

माझी मुलगी रेवा कॉलेजात मातीचा अभ्यास करते. मुलीने मातीत शिकावं म्हणून आम्ही अमेरिकेत आलो, असं मी नातेवाइकांना सांगतो, आणि ते फोनवर गप्प होतात. ती सुटीला आली होती. तिने एक लांब दांड्याचं गिरमिट आणलं, माझ्या एका आळ्याशेजारी जमिनीत फिरवत फिरवत घातलं आणि निघालेली माती ताडपत्रीवर ओळीने मांडली. वर चार बोटं काळी. मग तपकिरी. आणि मग एकदम करडी, गणपतीच्या शाडूसारखी, तिच्यात गंजाचे ठिपके. दोन फुटांच्या खाली गिरमिट जाईचना. खर्रकन आवाज करून थांबलं.

"बाबा, दिस इज बेसिकली काँक्रीट," ती म्हणाली. हजारो वर्षांपूर्वी इथे हिमनदी होती, तिच्या वजनाने खालची खडी आणि माती दाबून दाबून हा थर झाला. हिवाळ्यात पाऊस त्याच्यावर येऊन बसतो, मुरायला जागा नाही. करडा रंग म्हणजे इथे हवा पोचत नाही. फरच्या मुळांना श्वास लागतो. जी मुळं वरच्या वर कशीबशी राहतात, ती उन्हाळ्यात ओल खाली गेली की तिच्यामागे जाऊ शकत नाहीत. म्हणजे तेच झाड हिवाळ्यात बुडतं आणि उन्हाळ्यात तहानेने मरतं.

मी म्हणालो, आणि माझी आळी?

रेवाने आईसारखा चेहरा केला. "यू मेड दोनशे बाथटब्स, बाबा."

तिने मला वरच्या उतारावर नेलं. फार तर दोनशे पावलं. तेच आकाश, तोच पाऊस, तेच डग्लस फर. पण तिथे माती तपकिरी, भुसभुशीत, गिरमिट हसत हसत आत जाणारी. तलवारीच्या पात्यासारख्या पानांचा नेचा सगळीकडे माजलेला. हा नेचा जिथे असा वाढतो तिथे माती खोल आणि पाणी वाहतं, असं समजायचं. आणि खाली ती पिवळी, घाण वासाची झुडपं दिसली की समजायचं, खाली पाणी साचलंय. जमीन मला पहिल्या दिवसापासून सांगत होती. मी तिच्याकडे नाक दाबून पाहत होतो.

मग तिने एक गोष्ट सांगितली, ती मी अजून विसरलेलो नाही. जंगलवाले जमिनीचा कस कसा ठरवतात? तिथली पुढे गेलेली झाडं पन्नास वर्षांची असताना किती उंच भरतात, त्यावरून. चांगल्या जमिनीवर डग्लस फर पन्नासाव्या वर्षी बारा मजली इमारतीला टेकतं. वाईट जमिनीवर त्याच्या निम्म्याच्या आसपास राहतं. गंमत अशी, की तो आकडा झाडाच्या नावावर लिहीत नाहीत. जमिनीच्या नावावर लिहितात. झाड बुटकं राहिलं तर म्हणतात, जमीन कमी पडली.

मी तिथे, त्या नेच्यात, बसलो. पन्नास वर्षं. पाच फूट पाच इंच. मला आठवला तो पंधरा मिनिटांचा कॉल, आणि त्याआधीची अठरा वर्षं, दर वर्षी माझी उंची मोजणारे फॉर्म. कोणीही, कधीही, एकदाही त्या ऑफिसची माती तपासली नव्हती. मी हे घरी येऊन अर्चनाला मोठ्या आवेशात सांगितलं. तिने कुकरची शिट्टी होऊ दिली आणि म्हणाली, "ऑफिसचं ठीक आहे. पण त्या आळ्यात पाणी ऑफिसने घातलं होतं का?"

आमच्या मराठी मंडळाची स्मरणिका निघते, तिच्यात दर वर्षी मुळांवर लेख मागतात. परक्या मातीत रुजलेली मुळं वगैरे. मी आजवर लिहिला नाही आणि लिहिणारही नाही. मी झाड नाही. मला पाय आहेत, त्यातला डावा गुडघ्यात दुखतो. मी इथे कोणी उपटून आणून लावल्यामुळे आलो नाही, तिकीट काढून आलो, आणि खिडकीची जागा मागून घेतली होती. झाडाला हे करता येत नाही. झाडाला जिथे कोणी मूर्ख लावेल तिथेच उभं राहावं लागतं. म्हणून मूर्खावर जबाबदारी जास्त.

अण्णांना कळवायचं होतं. मी तयारी करून फोन केला. ते शांतपणे ऐकत राहिले आणि म्हणाले, "माहं नाई चुकलं. माहं आळं बरोबर होतं. तुही जमीन चुकली." मी हसलो. ते हसले नाहीत. मातीचा रंग विचारला, ठिपके विचारले. मग बराच वेळ पडद्यावर त्यांचं नुसतं कपाळ दिसत होतं. म्हणाले, आपल्या खालच्या तुकड्यात एक वर्ष पाणी साचलं होतं, तू तेव्हा कॉलेजात होता. शेजारच्याने संत्री वरंब्यावर लावली होती. उंच, रुंद वरंबे. मी सगळ्या गावात त्याची चेष्टा केली, की याला झाडं लावायची आहेत का पलंगावर निजवायची आहेत. त्या वर्षी आपल्या झाडांना डिंक्या लागला, बुंधे सडून ती गेली. त्याची उभी राहिली.

"हे तुले कधी सांगतलं नव्हतं," ते म्हणाले, आणि फोन आईच्या हातात दिला.

त्याच आठवड्यात मी ते तीन ढीग पाहिले. खुपसून दिलेली अकरा रोपं. दोनशे लाडक्यांतली तीन जगली होती. टाकून दिलेल्या अकरांतली नऊ हिरवीगार होती. ढिगाची फुटभर उंची, एवढंच त्यांचं भाग्य. आणि मग दिसलं, की या जमिनीवर हे गुपित कोणी लपवलेलंच नव्हतं. प्रत्येक कुजक्या बुंध्यावर हेमलॉक नावाच्या इथल्या झाडाची आपोआप उगवलेली पोरं बसली होती, ओट्यावर पाय सोडून बसावं तशी, खालच्या पाण्याला नाक मुरडत. अख्खा फेब्रुवारी मी त्यातल्या एका बुंध्यावर माझी डब्याची पिशवी टांगत होतो.

अर्चनाची अट त्याच सप्टेंबरातली. तिने ती पोळी लाटता लाटता घातली, म्हणून मला तिचं गांभीर्य आधी कळलं नाही. माझी कंबर, माझे रविवार, गाडीतला चिखल, हे सगळं तिने मोजलं होतं. आणखी दोन हिवाळे, ती म्हणाली. त्यापुढच्या ऑक्टोबरात त्या खालच्या एकरावर शंभर झाडं जिवंत दिसली तर जमीन ठेवायची. नाही दिसली तर विकायची, आणि मग रडायचं नाही. मी म्हणालो, शंभरच का? ती म्हणाली, शंभर मोजायला सोपे.

मी कबूल केलं. मनात मात्र म्हटलं, बघतोच. मला कोणीही, अगदी बायकोनेही, हिमनदीनेही, सांगू नये की इथे काही उभं राहणार नाही.

पुढच्या फेब्रुवारीत मी आळी बुजवली. चिखल ओढून ओढून दीडशे ढीग केले, प्रत्येक निदान गुडघाभर उंच. रेवा एक शनिवार-रविवार आली. जास्त ओलीत रेड सीडर लाव, तिचं म्हणणं, ते ओले पाय सहन करतं. फर फक्त उंच ढिगांवर. मी थोडी फर जास्त लावली, कारण सगळंच ऐकायचं तर मग बाप कशाला व्हायचं. त्यांतली बरीच नंतर मेली, हेही सांगून टाकतो. अर्चना गाडीत बसून ऑफिसचे कॉल घेत होती. दुपारी खाली उतरली, फक्त पाय मोकळे करायला. चार ढीग पाहून म्हणाली, हे कललेत. मग स्वतःच फावड्याच्या पाठीने थोपटून सरळ केले, मोदकाच्या कळ्या सारख्या करतात तसे.

सीडरचं एक दुःख असं, की ते हरणांना आवडतं. मार्चमध्ये एका सकाळी वीस रोपांचे शेंडे नव्हते. जाळीचं कुंपण एकट्याने घालणं शक्य नव्हतं. मी घरी येऊन हे सांगितलं. अर्चना माळ्यावर गेली आणि साड्यांची बॅग घेऊन खाली आली. रानडुकरं येऊ नयेत म्हणून गावाकडे शेताला साड्या बांधतात, ते तिने तिच्या मामाकडे पाहिलेलं. वाऱ्याने हलतं, जनावर बिचकतं. पैठणी तिने बाजूला ठेवली, लग्नातला शालू बाजूला ठेवला, माझ्या बहिणीने दिलेल्या चारही साड्या अजिबात विचार न करता काढल्या.

तर आमचं जंगल असं दिसतं: करडा पाऊस, काळे बुंधे, दीडशे ढीग, आणि भोवतीने खांबांना बांधलेल्या बांधणी, नारायणपेठी, एक मोरपंखी सिल्क. तो पिकअप ट्रक पुन्हा आला. या वेळी माणूस खाली उतरला. म्हातारा, सगळा जन्म लाकूडतोडीत गेलेला. त्याने साड्या पाहिल्या, ढीग पाहिले, पाय आपटून जमीन पाहिली. म्हणाला, हा तुकडा सगळ्यांनी सोडून दिलेला आहे, इथे काही होत नाही. मी म्हणालो, माहीत आहे. तो म्हणाला, मग? मी म्हणालो, मग काय, लावतोय. त्याने मान हलवली आणि मोरपंखी साडीची सैल झालेली गाठ घट्ट बांधून गेला.

गेल्या ऑक्टोबरात, पहिला पाऊस होऊन गेल्यावर, आम्ही दोघं मोजायला गेलो. मी रस्ताभर मनात भाषण तयार केलं होतं. शंभर भरली नाहीत तरी मी विकणार नाही, का विकणार नाही, सात मुद्दे. तिथे पोचल्यावर मी दोरीला गाठी मारत ढिगांवरची जिवंत झाडं एकेक करून मोजली. एकोणनव्वद. पुन्हा मोजली. एकोणनव्वद. बुंध्यावरची हेमलॉकची पोरं मोजली असती तर शंभरच्या वर सहज गेलो असतो. मी त्यांच्यासमोर जरा वेळ उभाही राहिलो. पण ती माझी नव्हती. त्यांनी माझं काही ऐकलं नव्हतं, म्हणून तर ती जगली होती.

अर्चनाला आकडा सांगितला. तिने माझ्या हातातली दोरी घेतली आणि स्वतः खाली गेली. मी गाडीला टेकून पाहत होतो. ती प्रत्येक झाडाशी वाकत होती, शेंडा बोटांत धरत होती, पुढे जात होती. पाऊण तासाने परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल.

"एकोणनव्वदच आहेत," ती म्हणाली.

गाडी सुरू केली. वायपर फिरत होते. माझे सात मुद्दे होते, पण शब्द मी दिला होता. म्हणालो, ठीक आहे, सोमवारी एजंटला फोन करतो. ती खिडकीबाहेर बघत राहिली. फ्रीवे लागला, दोन्ही बाजूंना ती उंच, काळीभोर, चांगल्या जमिनीवरची झाडं सुरू झाली. बेलव्ह्यूचे दिवे दिसायला लागले तेव्हा बोलली.

"शंभर मी म्हणाले होते. ती माती एकोणनव्वद म्हणते. मला त्या चिखलातलं काय कळतं? राहू दे फोन. आणि फेब्रुवारीत बादली घेऊन निघालास तर मात्र खरंच विकीन."